तुमचं बरं आहे

"मावशी, तुमचं बरं आहे. पाण्याची काही चिंताच नाही."

मागच्या दिवाळीत हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. रायगड जिल्ह्यात, पेणच्या पुढं खाडीकाठच्या एका गावात, लहान बहिणीच्या सासरी, पहिल्याच रात्री जेवायला बसलो तेव्हा. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून बोललो असं पण नाही, मनापासून बोललो होतो. दिवसभर एसटीच्या खिडकीतून खाडी, ओहोळ, गावागावातली तळी पाहत आलो होतो आणि इकडे घरी आमच्या भारी, उशिरा पिकणाऱ्या धानाला शेवटचं एक पाणी कमी पडून राहिलं होतं, बाबा त्याच्यासाठीच मागं थांबले होते. बहिणीच्या सासूबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलटली, फुगू दिली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "जेवा. लांबशी आलाव." एवढंच. बहीण मात्र खाली मान घालून लेकराला थोपटत बसली. मला काहीच समजलं नाही. मी आणखी एक भाकर मागून घेतली.

आता जुलै संपत आला आहे, मी भंडारा जिल्ह्यात साकोलीपासून आत असलेल्या आमच्या गावात धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून हे टाईप करतो आहे, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभराच्या वर गेले आहेत आणि बांधीत, धानाच्या वाफ्यात, चिखल करायला पाणी नाही. बारा दिवस झाले पावसानं दडी मारून. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय काय येतं. मला राहून राहून तो तवा आठवतो आणि मावशींचं ते न बोलणं.

कारण हेच वाक्य आम्हाला सगळे ऐकवतात. यवतमाळ-अमरावतीकडचे कापसाचे शेतकरी भेटले की म्हणतात, "तुमचं बरं हाय बापा, तुमच्याकडं तलाव हायेत, धानाले बोनस भेटते." पुण्यात नोकरीला असताना रूममेट म्हणायचा, तुमचं बरं आहे, घरचा तांदूळ. दरवेळी मला आतून चीड यायची. तलाव आहे, पण त्यात गाळ किती आहे ते तुला माहीत आहे का? बोनस आहे, पण तुडतुड्याचा किडा एका आठवड्यात बांधीच्या बांधी कशी तणस करून टाकतो ते पाहिलं का? इतकी वर्षं हे ऐकून घेतलेला माणूस मी, आणि दुसऱ्याच्या घरी पहिल्याच रात्री तेच बोलून बसलो.

झालं असं होतं की बहिणीला दिवाळीआधी दीड महिन्याची पोरगी होती, तिला एवढ्या लांब आणणं जमणार नव्हतं, म्हणून भाऊबीजेला मीच जायचं ठरलं. माय म्हणाली मी पण येतो. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, बाया असंच बोलतात, येतो, जातो. आमच्याकडं भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात, रात्रभर नाटक, दंडार, गावोगावचे पाहुणे, आणि मायनं जन्मात कधी मंडई चुकवली नव्हती. तरी निघाली. विदर्भ एक्सप्रेसनं कल्याण, तिथून एसटी. सामानात दहा किलो एचएमटी तांदूळ, लाखोळीची डाळ, पोरीसाठी शिवलेल्या दोन गोधड्या. मी म्हटलं, अगं ते भाताचे लोक आहेत, त्यांना तांदूळ कशाला? तर म्हणाली, "त्याईचा त्याईच्यापाशी. आपला आपण न्यावं."

पनवेल सोडल्यावर बराच वेळ कारखाने आणि कंटेनरचे ट्रक, आणि मग अचानक दोन्हीकडून शेतं. माय खिडकीला चिकटली. आपल्या धंद्याचं माणूस दुसऱ्याचं दुकान पाहतं ना, तसं ती एकेक गोष्ट पाहत होती. बांध्या लहान आहेत. धुरे बारीक आहेत. धान बुडापासून कापलं आहे. तणसाचं पुंजणं असं उभं काऊन रचलं? मग एका जागी शेतच संपलं आणि नुसता राखाडी चिखल, त्यात हिरवी बुटकी झाडं, मैलभर. माय म्हणाली, "हे पडीत काऊन ठेवलं बापा एवढं?" मला वाटलं जंगलच असेल. पेणला उतरलो तर गल्लीत दिवाळीतसुद्धा कच्चे गणपती ओळीनं वाळत ठेवलेले आणि कुठूनतरी पोह्याच्या गिरणीचा भाजक्या भाताचा वास. तो वास आमचाच होता. गोंदियात कोणत्याही राईस मिलच्या मागच्या रस्त्यानं जा, भुशाचा, वाफेचा, जरासा जळका असा तो वास येतो. मायचा चेहरा तिथंच सैल झाला.

शब्दांनी मात्र पहिल्या दिवशी चांगलाच घोळ घातला. व्याही सत्तरीचे, अंगानं काटक, आवाज मोठा. त्यांनी मायला विचारलं, "तुमचं भात झालं का?" माय म्हणाली, "हो जी, गाडीतच जेवलो." मग समजलं की ते पिकाचं विचारत होते. आमच्याकडं शेतात धान असतं, ताटात आलं की भात. त्यांच्याकडं शेतातलं ते भात आणि ताटातला तो भात. आमचा धुरा त्यांच्याकडं बांध, आमचा रोवणा त्यांची लावणी, आमचे पऱ्हे त्यांचं आवण, आमची तणस त्यांचा पेंढा. आमचं हलकं धान म्हणजे त्यांचं हळवं आणि भारी म्हणजे गरवं. आणि आमच्याकडं पाणी नसलं की आवत्या टाकतो, सरळ पेरून मोकळे होतो, तर खाऱ्या जमिनीत त्यांच्याकडं बी भिजवून, मोड आणून, चिखलावर फेकतात, त्याला रहू म्हणतात. मायला हे फार आवडलं. ती आणि तिची विहीण रात्री ओसरीत एका गोधडीवर बसून शब्दच बदलून घेत होत्या. एक शब्द मात्र दोघींचा सारखा होता. दोघीही पाण्याला पानी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बीज. ओवाळणी झाली, बहिणीनं पोरीला माझ्या मांडीवर दिलं, जेवणं आटपली. एक वाजायला आला तसे व्याही उठले, पायात चपला न घालता अंगणात आले आणि म्हणाले, चला, पाणी येण्याचा टाइम झाला. मी विचारलं, कसं समजलं? घड्याळ तर पाहिलं नाही. त्यांनी बोटांवर दाखवलं. आज बीज, म्हणजे दोन. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पुरी. पंचमीला पावणेचार. अमावास्येला आणि पुनवेला बाराच्या आसपास, आणि त्याच्या पुढंमागं दोन-तीन दिवस उधाण, पाणी सगळ्यात उंच चढतं. आमच्याकडं माणूस आभाळाकडं पाहून सांगतो पाणी येईल का, आलं तर आलं. इथं माणूस पंचांगावर सांगतो, आणि येतंच. रोज दोनदा.

मावशी पण आमच्यासोबत निघाल्या. गावाच्या मागं पाऊण एकराचा एक तुकडा, कापून झालेला, वाल पेरलेले. त्याच्या पुढं एक मातीचा बांध, माणसाच्या छातीएवढा. त्यावर चढलो आणि मी पाहिलं. कालची ती हिरवी बुटकी झाडं. तिवरं. मैलभर चिखल, त्यातून काठ्यांसारखी वर आलेली मुळं, बारीक खेकडे, आणि त्या सगळ्यात मध्येमध्ये अजून दिसणाऱ्या सरळ रेषा. आधी समजलं नाही त्या कशाच्या. मग समजलं. ते धुरे होते. चौकोन चौकोन. बांध्या होत्या त्या.

"आपले चार एकर," व्याही म्हणाले. हात लांब करून त्यांनी हद्द दाखवली, त्या वाकड्या झाडापासून त्या खांबापर्यंत, जशी सातबारा हातात घेऊन आम्ही दाखवतो तशी. लांब खाडीच्या कडेला मोठा बांध होता, समुद्रबांध, तो त्यांनी दाखवला, आणि त्यातली खिंडारं. खांडी म्हणतात त्याला. आमच्याकडं खंडी म्हणजे धानाचं माप, वीस कुडोची एक खंडी, घरात किती खंडी धान आलं यावर पोरीचं लग्न ठरतं. मी तो शब्द ऐकून क्षणभर थांबलोच.

मग पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. खांडीतून एक जीभ आत आली, आधी जुन्या नाल्यातून, मग बांधीच्या कोपऱ्यातून, चिखलावरचा फेस ढकलत, तिवरांच्या मुळांना वळसे घालत. दहा-पंधरा मिनिटात सगळे चौकोन भरले. वरून ऊन. इतकं सुंदर दिसत होतं ते, हे लिहायलाही मला लाज वाटते. रोवण्याआधी तलावाचं पाणी सोडल्यावर आमच्या बांध्या अशाच भरतात, अशाच चमकतात, आणि तो वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस असतो.

माय खाली उतरली. पाणी बांधाच्या पायाशी आलं होतं तिथं बसली, लुगडं सावरलं, एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "खारं हाय ना बापा."

चुरचुरलं ते मला. साठी ओलांडलेल्या या बाईनं जन्मभर धानाला उभं पाणी पाहिलं, पाणी कमी असतं, जास्त असतं, उशिरा येतं, एवढंच तिला माहीत. पाणी असून धान मरतं हे तिला जिभेनं समजून घ्यावं लागलं. ती वर आली, पदरानं बोट पुसलं, विहीणबाईचा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. दोघी काहीच बोलल्या नाहीत. मी मागून चालत होतो आणि माझ्या कानात माझंच रात्रीचं वाक्य वाजत होतं.

व्याही मात्र बोलत होते. पूर्वी ह्या बांधाची जबाबदारी जोळाची होती, म्हणाले. जोळ म्हणजे बांधाच्या आतल्या सगळ्या शेतकऱ्यांचा मेळ. ज्याची जमीन जेवढी, त्याचं बांधावरचं काम तेवढं. उन्हाळ्यात चिखलाचे गोळे कापून हातोहात द्यायचे, बांध वर्षावर्षाला अंगानं भरायचा. उधाणाच्या रात्री पाळीनं बांधावर झोपायचं. आणि कुठं फुटला तर एकच आरोळी. "रातचा हाकारा आला का पांघरून टाकून पलायचं," ते म्हणाले आणि पळतानाचा हात करून दाखवला. सत्तरीतल्या माणसाचा तो हात मी विसरू शकत नाही. मग कायदे आले, १९४८ चा, नंतर १९७९ चा खारभूमीचा, बांध सरकारच्या यादीत गेले. सरकार बांधून देणार म्हणून लोकांनी फावडं ठेवलं, सरकारचा पैसा कधी आला कधी नाही. धरमतरच्या खाडीतून मोठ्या बार्जी जायला लागल्या, त्यांच्या लाटा बांधाला खातात असं ते सांगत होते. गावातली पोरं कंपनीत गेली. मग एका उधाणाला पहिली खांड पडली, आणि त्या रात्री हाकारा द्यायला व्याही स्वतः उभे होते, पण धावून आले ते सात माणसं. सातही म्हातारे.

एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुवून निघावी लागते, तेव्हा कुठं भात उभं राहतं. आणि तोपर्यंत रोज दोनदा पाणी येतच राहिलं तर तिवरं उगवतात. तिवरं तोडता येत नाहीत, कायद्यानं. तोडूही नयेत, ती किनारा राखतात, मासे वाढवतात, हे व्याहीच मला सांगत होते. पण जमीन सातबाऱ्यावर भाताची आणि डोळ्यासमोर जंगल, मग माणसानं जायचं कुठं?

मोठ्या बांधात एक जुनी उघाडी अजून शाबूत होती, ती त्यांनी ओहोटी लागल्यावर परत नेऊन दाखवली. लाकडाची झडप, वरून टांगलेली. भरती चढली की बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. कोणी उघडायला नको, कोणी लावायला नको. मी बराच वेळ तिथं थांबलो. आमच्या गावतलावाला तुडुम आहे. दगडी, पायऱ्यापायऱ्यांचं, एकाखाली एक भोकं आणि त्यात लाकडाची बुचं. तलाव जसा उतरेल तसं खालचं बूच काढायचं, पाणी नहरात, नहरातून बांधीत. लहानपणी आजोबाचा हात धरून मी ते पाहायला जायचो, बूच काढल्यावर आधी एक ढेकर दिल्यासारखा आवाज यायचा आणि मग पाणी. आमची पाळ पाणी आत धरून ठेवायला, त्यांचा बांध पाणी बाहेर ठेवायला. बाकी तीच माती, तेच टोपलं, तीच घरटी एक माणूस द्यायची रीत.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत. गोंड राजांनी सांगितलं तलाव बांधा आणि खालची जमीन कसा, आणि कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा एवढा मोठा तलाव पाहा, कोलू पाटील कोहळीचं नाव अजून लोक घेतात. पाणी वाटून द्यायला पाणकर असायचा, त्याचा शब्द शेवटचा. १९५०-५१ ला मालगुजारी गेली, ते चांगलंच झालं, मालगुजाराच्या वाड्यापुढून चप्पल हातात घेऊन जायचे दिवस आजोबानं पाहिले होते. पण तलाव सरकारजमा झाला आणि त्याच्यासोबत पाळीवर माती टाकायला जाणारा गावही घरी बसला. आज आमच्या तलावात पुरुषभर गाळ आहे, कडेनं बेशरमाची झाडं आहेत आणि काही लोकांनी आतपर्यंत धान लावलं आहे. मी व्याह्यांना हे सांगितलं. ते ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "म्हंजे तुमचाही जोळ तुटला." मी हो म्हटलं.

पुढचे दोन दिवस जावयानं आम्हाला फिरवलं. अलिबागला जाताना त्यानं एका बाजूला हात करून सांगितलं, तिकडं चरी. नाव ऐकलं होतं, पण तिथल्याच वाटेवर ते वेगळंच वाटतं. १९३३ च्या ऑक्टोबरात खोतांच्या जाचाला कंटाळून नारायण नागू पाटलांच्या सोबत कुळांनी ठरवलं, जमीन कसायची नाही. १९३९ पर्यंत. माय सीटवरून मागं वळली, "सहा वर्सं रोवणा नाई? मंग खाल्लं काय?" डोंगरातली लाकडं विकली, मजुरी केली, उपाशी राहिले, जावई म्हणाला, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ ला त्यांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. माय बराच वेळ गप्प होती. पाऊस पडलेला आहे, पऱ्हे तयार आहेत, मृगाचा वास येऊन राहिला आहे आणि आपण पाय बांधीत टाकायचा नाही, हे ज्यानं धान लावलं आहे त्यालाच समजेल किती कठीण आहे. एक वर्ष सुद्धा. आणि ज्या जमिनीसाठी त्यांनी हे केलं, तशाच जमिनीतली चार एकर मी आदल्या दिवशी पाण्याखाली पाहून आलो होतो.

अलिबागचा समुद्र मायनं पहिल्यांदा पाहिला. चपला हातात घेऊन उभी राहिली, पुढं गेली नाही. कुलाबा किल्ल्याकडं लोक ओहोटीतून चालत जात होते, घोडागाड्या चालल्या होत्या, भुट्टेवाले ओरडत होते, आणि ती सगळ्यावरून नजर फिरवून मला म्हणाली, "याले पार नाई का?" पार म्हणजे आमच्याकडं तलावाची पाळ. मी म्हटलं नाही. "मंग याले धरते कोन?" मी काय सांगणार. रेवदंड्याच्या नारळी-सुपारीच्या वाड्या, कोर्लईचा किल्ला, मुरूडपर्यंत डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसवलेली शेतं, सगळं पाहिलं, छानच होतं, फोटो काढले. पण माझं लक्ष आता फक्त बांधाकडं जायचं. कुठं साबूत आहे, कुठं खचला आहे, कुठं नव्यानं माती पडली आहे.

निघायच्या सकाळी मावशींनी मायपुढं एक गाठोडं ठेवलं. जुन्या नऊवारीच्या फडक्यात बांधलेलं, दोनेक किलो असेल. माय सोडून पाहते तर तांदूळ नव्हता, सालासकट धान. साल काळपट. मावशींनी चार दाणे तळहातावर घेतले, दुसऱ्या हाताचा अंगठा जोरानं फिरवला, फुंकर मारली. आत लाल दाणा. राता, त्या म्हणाल्या. खाऱ्या जमिनीतलं जुनं भात, थोडं मीठ सोसतं. त्या चार एकरात त्यांच्या सासूच्या सासूपासून हेच होतं. आता घराकडच्या पाऊण एकरात नवीन वाण लावतात, कारण खायला पुरलं पाहिजे, पण एका कोपऱ्यात दरवर्षी दोन ओळी रात्याच्या. बी मरू नये म्हणून. खांड बुजली, जमीन परत आली तर पेरायला काय आणणार?

मग त्यांनी ते आम्हाला काऊन दिलं? मी विचारलं नाही. मायनं पण नाही विचारलं. तिनं ते गाठोडं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं आणि आपल्या पिशवीत सगळ्यात खाली, जिथं एचएमटी होता तिथं, ठेवलं.

गाडीत मला दादाजी खोब्रागडे आठवत होते. आमच्या इकडचेच, नागभीडजवळच्या नांदेडचे. दीड एकराचा माणूस. १९८३ ला पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या दोन-तीन लोंब्या त्यांनी हेरल्या, बाजूला काढल्या, वर्षावर्षाला जपून वाढवल्या, आणि त्यातून एचएमटी आला. नाव सुद्धा व्यापाऱ्यानं घड्याळावरून ठेवलं. दूरवर गेलं ते धान, आणि दादाजी २०१८ ला गेले ते गरिबीतच. मायनं नेलेला तांदूळ त्यांच्या त्या लोंब्यांचा आणि मायला मिळालेलं बी दोन ओळींचं. असं कोणीतरी कोपऱ्यात जपत राहतं म्हणून आपल्या ताटात काही येतं. दादाजींचं नाव निदान आम्हाला माहीत आहे.

घरी आल्यावर बाबांचा विरोध. खाऱ्याचं धान गोड्यात काय करेल, रोग आणेल, आपल्या एचएमटीत मिसळेल. बाबांचं चूक नव्हतं. माय एकच बोलली, "तिनं जिवापाड ठेवलं अना मी डब्यात मारू का?" मग ठरलं, घरामागची बोडीखालची, छोट्या तळ्याखालची बांधी, एकटी, बाजूला. जूनमध्ये तिनं हातानं पऱ्हे टाकले. उगवले. पहिल्या दिवशी कोंब दिसले तेव्हा तिनं मला फोटो काढायला लावला, पहाटे साडेपाचला, आणि बहिणीच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला. तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी तिकडून फोन येतो. किती झालं, पिवळं तर नाही ना, पाऊस आला का. तिकडं पाऊस उभाच राहत नाही आणि इकडं येत नाही, दोघी एकमेकींच्या आभाळाची विचारपूस करतात.

एकदा फोन मी उचलला. मनात होतं की आज सांगून टाकावं, मावशी, मी त्या रात्री जे बोललो ते... वाक्य तयार होतं. "पाऊस आहे का तिकडं?" एवढंच निघालं. "हाय ना. लय हाय," त्या म्हणाल्या आणि मग थोडं थांबून, "तुमच्याकडं जाऊ दे थोडा." मी हो हो म्हणत राहिलो.

इथपर्यंत लिहून मी मोबाईल खिशात टाकला होता. त्याला चार दिवस झाले. परवा रात्री विजा झाल्या, पहाटेपर्यंत पडला, बोडी भरली. तलावाच्या तुडुमाचं वरचं बूच बाबांनी आणि आणखी पाच-सहा जणांनी मिळून काढलं, मी पण होतो, आवाज तसाच आला. काल मोठ्या बांधीत रोवणा सुरू झाला, बाया आल्या, गाणी झाली. आणि आज सकाळी माय एकटीच मागच्या बांधीत गेली, रात्याचे पऱ्हे उपटून, मुठी बांधून. कोणाला हात लावू दिला नाही. मी धुऱ्यावर उभा होतो, तर फोन. मावशी. मायचे हात कोपरापर्यंत चिखलात, म्हणून मी बांधीत उतरलो आणि फोन तिच्या कानाला धरला. तिकडून काय विचारलं ते मला नीट ऐकू आलं नाही, तिकडं पाऊस कौलांवर पडून राहिला होता. माय दोन मिनिटं हूं हूं करत होती. मग ती वाकली. बोट पाण्यात धुतलं, पुन्हा बुडवलं, आणि जिभेला लावलं. आपल्याच बांधीचं पाणी, जिथं ती नवरी म्हणून आली तेव्हापासून रोवते आहे.

"गोड हाय, ईनबाई," ती म्हणाली. "गोड हाय."